पाव इंचाचं भांडण

बाबा,

बेंच कापू दिला नाही. हे आधी सांगते, म्हणजे बाकीचं तुम्ही नीट ऐकाल.

शिरीषने करवत हातात घेतली होती. तुमचीच, पितळी पाठीची, लहान. अकराव्या दिवशी दुपारी माणसं जेवून उठल्यावर तो म्हणाला, ताई, तेरवीला सगळे येतील, बाबांच्या फोटोजवळ त्यांची ती छोटी लाकडी शॉप ठेवू या. पण ठेवायची तर पुरी करून ठेवू, अशी अर्धवट नको. बेंच जरासा कापला की आत बसेल, वर छप्पर ठेवलं की झालं. 'जरासा' म्हणताना त्याने दोन बोटांत जेवढं अंतर दाखवलं ते पाव इंच होतं. त्याच पाव इंचावरून आपण दोघं शेवटचे पाच आठवडे भांडत होतो, आणि ते मिटवायला तुम्ही थांबला नाहीत.

लोक मला सांगतात, आता विसर ते सगळं, गेलेल्या माणसाशी कसलं भांडण. काहून विसरू? तुम्ही गेलात म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही. माझंही ठरत नाही. जे चाललं होतं ते चालू आहे, एवढंच की आता मला दोघांच्या बाजूने बोलावं लागतं.

तुमच्याशिवाय दुसरं कोणी हे वाचेल, त्याच्यासाठी थोडं लिहिते. तुम्ही फॅक्टरीत पॅटर्नमेकर होतात. धातूची वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात घडवतात. ते लाकूड वाळूत दाबून ठसा घेतात आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ नाहीतर लोखंड ओततात. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न, आणि ती जिथे घडते ती पॅटर्न शॉप. मोठ्या शेडच्या कडेला सोळा फूट रुंदीची एक खोली, आणि तिच्यात चार माणसं. जबलपूरची कितीतरी मराठी घरं लष्करी फॅक्टऱ्यांवर वाढली, पण आत काय चालतं ते घरात कोणी बोलत नसे. फोटो काढायला तर बंदीच. तुम्ही छत्तीस वर्षं सकाळी सायकलला डबा लावून जात होतात आणि संध्याकाळी कानात भुसा घेऊन येत होतात. मधलं आम्हाला माहीत नव्हतं.

फक्त वर्षातून एक दिवस, विश्वकर्मा पूजेला, घरच्यांना आत सोडायचे. मी दहा वर्षांची होते, शिरीष आईच्या कडेवर होता. त्या खोलीत उत्तरेच्या खिडक्यांखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच बेंच होता आणि त्यावर चौघांच्या चार जागा. प्रत्येक रंध्याला, प्रत्येक पटाशीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मी तुमचा रंधा उचलायला हात पुढे केला तर तुम्ही मनगट धरलंत. "आज नाही लावायचा हात. आज त्यांची सुट्टी." मग म्हणालात, दुसऱ्याच्या हत्याराला तर कोणत्याच दिवशी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे मी तुमची शॉप पाहिली ती बंद असलेली. तिथे कोणी काम करताना मला कधीच दिसलं नाही. पण लाकूड, सरस आणि लाखेचा तो वास मी घरी घेऊन आले, आणि घरी पोचायच्या आत ठरवून टाकलं होतं की मी हेच करणार.

बारावी झाली तेव्हा अप्रेंटिसची भरती निघाली. फॉर्म आतूनच मिळायचा. मी रोज संध्याकाळी तुमची सायकल लागली की विचारायची, फॉर्म आणला? तुम्ही म्हणायचात, विसरलो. दीड आठवडा तुम्ही रोज विसरत होतात. इंचाचा चौसष्टावा भाग न विसरणारा माणूस. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी सायकलपुढेच उभी राहिले.

"तिथं बायका नाहीत," तुम्ही म्हणालात.

"मग मी पहिली."

"पहिली होऊन काय करशील तू? पॉलिटेक्निकला जा चुपचाप."

आणि तुम्ही हातपाय धुवायला गेलात. मी पॉलिटेक्निकला गेले, चुपचाप नाही गेले, आणि रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले. तिथे माझं चांगलं चाललं. पुलांची, शेडची, फलाटांच्या छपरांची चित्रं काढली, आधी टी-स्क्वेअर घेऊन आणि आता कॉम्प्युटरवर. नोकरीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्या 'विसरलो'बद्दल आहे. नाही म्हणायचं होतं तर पहिल्या दिवशी म्हणायचं.

तीन वर्षांपूर्वी सोनीजींचा फोन आला. बेंचवर तुमच्या डावीकडची जागा त्यांची. ते आता गोहलपूरला मुलाकडे असतात. त्यांनी सांगितलं की शेड पाडली, पॅटर्न शॉपसकट. तुम्ही फोन ठेवलात, उरलेला चहा प्यायलात आणि म्हणालात, छपराचे पत्रे कुठे नेले असतील. बस, एवढंच. पुढच्या रविवारी मी आपल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातून भाजी घेऊन तुमच्याकडे आले तर कॅलेंडरच्या पाठीवर तुम्ही बेंच काढून ठेवला होता. लाकूड आवळून धरायचे चार वाइस, खालचे खण, एका पायाखालची वीट.

मी म्हटलं, बनवा मग. मला दाखवा. पूजेच्या दिवसाची नको, रोजची दाखवा.

"कोणत्या मापात?"

"फुटाला इंच." बाहुलीच्या घराचं माप असतं ते. तुम्हाला 'बाहुली' शब्द आवडला नाही. तोंड वाकडं केलंत, पण माप कबूल केलंत.

कामाची वाटणी वाद न होता झाली, आपल्यात तसं होणारी ती एकच गोष्ट. इमारत माझी: जमीन, भिंती, खिडक्या, छप्पर पेलणाऱ्या तिकोनी कैच्या. आतलं सगळं तुमचं. मी गोहलपूरच्या एका फर्निचरवाल्याकडून सागाच्या पातळ पट्ट्या चिरून आणल्या. तुम्ही एकदा बघितल्यात आणि परत दिल्यात. म्हणालात, लाकडाच्या रेषा बघ किती रुंद आहेत, वस्तू बारा पट लहान करायची तर रेषाही तेवढ्या बारीक पाहिजेत, नाहीतर खेळणं वाटेल. मग हळदूचं लाकूड शोधा. पिवळट, दाणा इतका बारीक की दिसतच नाही. ते लाकडाच्या तीन टालांवर फिरून मिळालं. तुम्ही ते चहाच्या पाण्यात बुडवून सागाच्या रंगाचं केलंत. चहापत्ती माझ्या डब्यातली होती, हे नोंदवून ठेवते.

वाइसचे स्क्रू घड्याळवाल्याकडचे. त्यांचे जबडे खरंच उघडतात आणि मिटतात. खणांना आतून सांधे, जे कोणाला कधी दिसणार नाहीत. रंधा सव्वा इंचाचा, त्याला दाढीच्या ब्लेडचा तुकडा. तो चालतोय हे दाखवायला तुम्ही काडीएवढ्या लाकडावर फिरवलात तर केसासारखी साल निघून गुंडाळली गेली. मी म्हटलं, जमिनीवर थोडा भुसा पसरू, खरं वाटेल. तुम्ही म्हणालात, बाहेरचा भुसा नाही चालणार. इथल्या रंध्याने जेवढा पडेल तेवढाच. मग तीन वर्षं दर रविवारी तुम्ही आधी पाच मिनिटं तो सव्वा इंचाचा रंधा चालवायचात, जमीन घाण करायला.

तुम्हाला काही आवडलं तर तुम्ही 'चालेल' म्हणायचात. न आवडलं तरी 'चालेल'च, फक्त दुसऱ्या सुरात. माझ्या कैच्यांना तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. उलटून पालटून पाहिल्यात आणि ठेवून दिल्यात. पुढच्या रविवारी तुमच्या नव्या कपाटाच्या चौकटीला मी कैचीत वापरला होता तोच जोड दिसला. मी काही बोलले नाही. आता बोलते. ते मला पोचलं होतं, बाबा.

आणि हेही कबूल करते की मी जे काही नीट करते ते तुमचं आहे. माझी पेन्सिल ऑफिसात सगळ्यात तासलेली असते. जोड जमलाय की नाही हे बघायला तुम्ही मला डोळे मिटून अंगठा फिरवायला लावायचात. जोड कुठे आहे ते अंगठ्याला कळलं तर उलगडायचा आणि परत करायचा. आठव्या वर्षी माझ्याकडून एक फुटका पाट चार वेळा उलगडून घेतलात तुम्ही. ज्या मुलीला हे शिकवलं तिलाच दारातून परत पाठवलं. म्हणून राग आहे. काही शिकवलंच नसतं तर रागही आला नसता.

मग तो रविवार. सगळं तयार होतं. कपाट, सरसाचं भांडं, डब्यांची फळी, सगळं आपापल्या जागी ठेवून झालं आणि शेवटी बेंच. एका टोकाला बसला, दुसऱ्या टोकाला भिंतीवर चढला.

"तुझी खोली कमी भरून राहिली," तुम्ही म्हणालात.

"खोली बरोबर सोळा आहे. बेंच फुगलाय तुमचा."

"मुरलेलं लाकूड फुगत नाही. माणसं फुगतात."

तुम्ही तुमची पोलादी पट्टी काढलीत आणि मोजलंत: बेंच सोळा, खोली पावणेसोळा. मी माझी काढली: खोली सोळा, बेंच सव्वासोळा. दोघांनी आपापली पट्टी पुसून परत ठेवली. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याची हातात घेऊन पाहिली नाही. दुसऱ्याच्या हत्याराला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि विचारायला तर दोघंही तयार नव्हतो. रेल्वेत तीस वर्षं मापं काढणारी मुलगी आणि फॅक्टरीत छत्तीस वर्षं मापं काढणारा बाप. त्या दिवशी आपल्याइतकी मूर्ख माणसं अख्ख्या गोरखपुरात नसतील.

त्यानंतरचे पाच आठवडे मी रोज संध्याकाळी आले. गोळ्या घेतल्या का, गॅस संपला का, दुधी आणू की पडवळ, हे सगळं बोललो. कोपऱ्यात शॉपवर टॉवेल टाकलेला होता, त्याबद्दल बोललो नाही. एकदा तुम्ही सुरुवात केली होतीत. मी चपला घालत होते. तुम्ही म्हणालात, "मीना, ते खोलीचं जे आहे ना..." मी म्हटलं, मला खोलीचं काही ऐकायचं नाही, बेंच कापा. तुम्ही म्हणालात, "बरं." मी गेले. पुढच्या मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात असताना तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. ते चांगलं झालं. बाकी काही चांगलं झालं नाही.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर अस्थी सोडायला गेलो तेव्हा गुरुजींनी शिरीषला गोत्र विचारलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. नावाड्याने मधोमध नेलं, तिथेही काय, कुठे, कोणत्या हाताने, ते मीच सांगितलं. मी रडले नाही, त्यावरून शेजारच्या काकूंनी दोन दिवस काळजी केली आणि तिसऱ्या दिवशी ती काळजी चार घरी जाऊन सांगितली. सांगू दे. रडायचं तेव्हा रडेन, तिथे त्यांना बोलावणार नाही.

तर अकरावा दिवस. शिरीषच्या हातात करवत आणि पेन्सिल माझ्या हातात. होय, माझ्याच. खोटं कशाला लिहू, कापायला मीही तयार झाले होते. मला वाटलं, जिंकले मी, शेवटी बेंचच कापला जातोय. रेघ मात्र मी मारणार, शिरीषवर विश्वास नाही, तो लॅपटॉपवरचा माणूस. माझी पट्टी ऑफिसच्या बॅगेत, बॅग घरी. तुमची समोर होती. विचारायला तुम्ही नव्हतात, म्हणून न विचारता घेतली.

बेंच मोजला. सोळा. बरोबर सोळा.

शिरीषने खिशातला टेप लावला. सव्वासोळा.

मी तुमची पट्टी आणि त्याचा टेप शून्याला शून्य जुळवून टेबलावर शेजारी ठेवले. एका इंचाला फरक दिसत नाही. सहाला तुमची रेघ जराशी पुढे. बाराला कोणालाही दिसेल. सोळाला पाव इंच.

वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न खऱ्या वस्तूपेक्षा जरा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा थोडा लांब, पितळेसाठी वेगळा, लोखंडासाठी वेगळा. दिसायला ती साधीच पट्टी. कोणत्या धातूची ते टोकाला कोरलेलं असतं, आणि तुमच्या पट्टीवरची ती अक्षरं तुमच्या अंगठ्याने कधीच पुसून टाकलेली. तुम्ही शॉपचं आतलं सगळं पितळेच्या इंचाने बांधलं होतं.

मला हसू आलं. इतकं की शिरीष घाबरला आणि पाणी आणायला गेला.

आता मला सांगा, तुम्हाला कळलं होतं का? मोतीबिंदूनंतर तुम्हाला बारीक रेघा दिसायच्या नाहीत, घरात ती एकच पट्टी उरली होती, कळलं नसेलही. पण भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तुम्ही खिडकीशी बसून त्या पट्टीच्या टोकावर अंगठा फिरवत होतात. डोळे मिटून. मग चारेक आठवड्यांनी ते "खोलीचं जे आहे ना". तुम्ही चूक कबूल करणार होतात, की खोली मोठी कर म्हणून सांगणार होतात? मी चपला घालून निघून गेले नसते तर कळलं असतं. हा भाग माझा आहे. त्याचं खापर मी तुमच्यावर फोडत नाही.

शिरीषने पाणी आणलं आणि म्हणाला, "म्हणजे चूक बाबांचीच. मग तर कापायलाच पाहिजे."

"बेंच नाही कापायचा. भिंती पाडायच्या."

"ताई, भिंती बरोबर आहेत. तूच म्हणून राहिली ना?"

"बरोबर आहेत. पण भिंती करणारी जिवंत आहे. बेंच करणारा नाही."

शिवाय तुमच्या वस्तू एकमेकांशी बरोबर आहेत, बाबा. वाइस बेंचला, खण चौकटीला, रंधा हाताच्या जागेला. सगळं एकाच इंचाचं आहे. त्यातला एक तुकडा कापला तर उरलेलं सगळं चुकीचं ठरतं. बाहेरची आहे ती माझी खोली. हे मी तुम्हाला बरोबर म्हणत नाहीये, नीट ऐका. खरा इंच माझाच आहे. तरी भिंती मी पाडल्या, त्याच दुपारी, आठ महिन्यांचं काम. करवत शिरीषच्या हातातून घेतली आणि तिच्या जागी ठेवली.

तेरवीला शॉप तुमच्या फोटोजवळ ठेवली ती भिंतींशिवाय. नुसती जमीन, बेंच, कपाट आणि तुमचा भुसा. येणारे म्हणत होते, अरेरे, अपूर्ण राहिलं बिचाऱ्यांचं. मी प्रत्येकाला सांगितलं, अपूर्ण नाही, काम चालू आहे. मराठी मंडळाच्या एका बाईंनी मला जवळ घेऊन थोपटलं. मी त्यांना जिलबी वाढली.

सोनीजी आले. काठी भिंतीला टेकवली, फोटोला हात जोडले आणि शॉपपुढे खुर्ची ओढून बसले. मग बोट न लावता दाखवत गेले. ये भाऊ की जगह, म्हणजे तुमची. ये मेरी. ये ईंट मैंने ही लगाई थी. बेंचच्या लांबीबद्दल त्यांना काहीच खटकलं नाही. अर्थात, त्यांच्या डोळ्यातही पितळेचाच इंच.

मग सहज बोलल्यासारखे ते म्हणाले, "बिटिया, तुम भी आने वाली थीं न शॉप में. भाऊ ने पूछा था हम सबसे."

मी ताट खाली ठेवलं. तुम्ही विचारलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

"क्या पूछा था?"

"यही, कि लड़की का हाथ अच्छा है, ले आऊँ क्या. हमने कहा, ले आओ भाऊ, हमें क्या. पर फिर बात उठी कि वो जाएगी कहाँ. लेडीज़ का तो बस मेन गेट पर था. आने-जाने में आधा घंटा. भाऊ चुप हो गए."

"जाएगी कहाँ मतलब, बाथरूम?"

सोनीजींनी मान हलवली आणि चहाकडे बघितलं.

"आपमें से किसी ने कहा नहीं कि एक बनवा दो?"

"किससे कहते, बिटिया."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांना मी आणखी दोन जिलब्या दिल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मला वाटत होतं की तुम्हाला मी नको होते. चौतीस वर्षं हेच धरून चालले, की तुमच्या त्या जगात तुम्हाला मी नको होते. आणि कारण निघालं संडास. एक दार, चार भिंती, एक नळ.

बाबा, तुम्ही चार जण होतात. त्या फॅक्टरीतले सगळ्यात बारीक हाताचे चार कारागीर. इंचाचा हजारावा भाग ओळखणारे. लाकडात अशी वस्तू नव्हती जी तुम्हाला घडवता येत नव्हती. आणि तुम्हाला एक दार बसवता आलं नाही? हुकूम नव्हता, मान्य. साहेबांना विचारायचं धाडस नव्हतं, तेही मान्य. पण मला का नाही सांगितलं? मीच सांगते तुम्ही का नाही सांगितलं. तुम्हाला लाज वाटली. वयात आलेल्या मुलीसमोर तो शब्द कसा काढायचा, म्हणून तुम्ही रोज 'विसरलो' म्हणत राहिलात आणि शेवटी 'बायका नाहीत' म्हणालात. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, चालत जाईन. आधा घंटा तर आधा घंटा. सायकलने गेले असते. स्वतः साहेबांच्या दारात जाऊन बसले असते. मला अडचण सांगितली असती तर मी ती सोडवली असती. तुम्ही मला नकार दिलात, आणि नकार सोडवता येत नाही.

तरी विचारलं होतंत. "लड़की का हाथ अच्छा है." हे वाक्य सोनीजींकडून चौतीस वर्षांनी, जिलबी खाताना ऐकायचं होतं मला. तुमच्या तोंडून आलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्ही 'चालेल'च्या वर कधी गेलाच नाहीत. आता ते वाक्य माझ्याजवळ आहे आणि तुम्ही ते परत घेऊ शकत नाही. बरंच झालं.

गेल्या तीन महिन्यांत नव्या भिंती झाल्या. तुमच्या पट्टीने. माझा हात आधी ऐकेना, प्रत्येक माप चुकतंय असं वाटत होतं. मग सरावला. उत्तरेच्या खिडक्या आणि छपराच्या कैच्या नव्याने केल्या. बेंच ठेवला तर दोन्ही टोकांना अंगठा फिरवूनही फट लागत नाही. सोनीजी येऊन पाहून गेले. पूर्वेच्या भिंतीपाशी ते थबकले, कारण तिथे मी एक दार केलं आहे, आणि दारामागे खालची फळी वाढवून चार बाय पाचची एक खोली. वर झरोका, कोपऱ्यात नळ, नळाखाली पत्र्याचा डबा. दारावर पाटी: महिला.

"ये तो वहाँ था नहीं," सोनीजी म्हणाले.

"पता है. होना चाहिए था."

त्यांनी पाटी पुन्हा वाचली, काठी घेतली, आणि जाता जाता म्हणाले की नळ जरा खाली घे, पाणी उडेल. मी घेतला.

शिरीषला फोनवर फोटो पाठवला. इथे बंदी नाही, म्हणून चार पाठवले. तो म्हणाला, ताई, बाबांच्या आठवणीत संडास? लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे, पण मोजून हसा म्हणावं, एकेक माप बाबांच्या इंचाचं आहे. तुम्हालाही पटणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, जे नव्हतं ते दाखवणं म्हणजे खोटं काम. म्हणा. जे होतं ते सगळं तुम्ही केलंत, त्यातला एक खिळाही मी हलवला नाही. जे नव्हतं ते मी केलंय.

दार बाहेरच्या बाजूला उघडतं. बिजागऱ्या खऱ्या आहेत, पितळेच्या पत्र्यातून कापल्या. कडी टाचणीची आहे आणि आतून लागते. काल दहा वेळा लावून पाहिली.